मान हलवणारी चूल

आमच्या घरात एकच टेबलफॅन होता आणि तो चुलीचा होता. मे महिन्यात, कत्तिरीच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडक, उन्हात, कुंभकोणमच्या नळाला पाणीसुद्धा कढत यायचं, तेव्हा आम्ही चौघं ओसरीवर ताडाच्या पंख्याने वारा घेत बसायचो आणि आत स्वयंपाकघरात चूल विजेच्या पंख्याचा वारा खायची. अशी व्यवस्था ज्या घरात दिसेल त्या घरात एखादा संशोधक आहे असं खुशाल समजावं. आमच्याकडे काका होता.

काका म्हणजे अप्पांचा, माझ्या वडिलांचा, चुलतभाऊ. आमच्याच गल्लीच्या टोकाला एकटा राहायचा आणि भातगिरण्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. 'दुरुस्त' हा शब्द मी घराण्याच्या अब्रूसाठी वापरते. तो एकदा एखाद्या गिरणीत शिरला की गिरणीवाला त्याला पुन्हा पुन्हा बोलावून घ्यायचा, कारण आदल्या दिवशी बसवलेलं दुसऱ्या दिवशी निसटलेलं असायचं. काका याचा अर्थ लावायचा, "माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही."

आम्ही तंजावरकडचे मराठी. मराठ्यांच्या राज्यात आमचे पूर्वज इथे आले आणि परत जायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याचा कोणी पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून हात जोडायचा, जसं काही आम्ही बखर वाचून दाखवतोय. आम्ही बिचारे त्याला फक्त विचारत असायचो की आणखी भात वाढू का.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. मी नुकतीच शाळा संपवली होती आणि तिरुच्चीच्या एका कॉलेजात मला रसायनशास्त्राला जागा मिळाली होती, वसतिगृहासकट. अडचण एकच, आणि ती घरात होती. आईला दमा होता. डॉक्टरने सांगितलं होतं की या बाईने यापुढे धुरात बसायचं नाही. गॅससाठी नाव नोंदवलेलं होतं, पण नंबर कधी लागेल हे विचारायला गेलं की तिथला माणूस आकाशाकडे बोट दाखवायचा. रॉकेलच्या स्टोव्हवरचा नैवेद्य देवाला चालत नाही, असं आत्याचं म्हणणं. देवाला कोणी विचारलं नव्हतं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घरातली मोठी माणसं तिला आक्का म्हणायची आणि घाबरायची. पण गुडघ्यांमुळे तिला खाली बसून चूल फुंकता येत नसे.

म्हणजे फुंकायला उरले कोण? अप्पा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. कावेरीचं पाणी कुठल्या कालव्यात किती सोडायचं याच्या फायली त्यांच्या टेबलावरून जायच्या; चूल फुंकणं त्यांच्या अधिकारकक्षेत येत नव्हतं. तेव्हा उरले मी.

"जाऊ दे की तिला," आई म्हणाली.

"मी कुठे नको म्हणतो?" अप्पा म्हणाले. अप्पा कधीच नको म्हणत नसत. ते अटी घालत. "धूर न करणारी चूल आण. आणि ती चूल आपली आपण जेवली पाहिजे. तिला भरवायला माणूस लागत असेल तर ते माणूस घरातच राहील."

हे ऐकताच काकाने ओसरीवरून उडी मारली. तसं त्याचं वय उड्या मारायचं नव्हतं. "अण्णा, पोरगी तिरुच्चीला गेली असं समज!"

गिरणीत भात उकडायला मोठी भट्टी असते. तिच्यात तूस जाळतात, आणि ते तूस एका नळीतून, मळसूत्र फिरवून, आपोआप आत ढकललं जातं. तेच लहान करून घरी आणायचं, असा काकाचा बेत. सुटं तूस घरात उडतं, डोळ्यांत जातं, म्हणून त्याने तुसाच्या गोळ्या करायचं ठरवलं. पितळी भांड्यांच्या बाजारातून चकलीचा एक मोठा सोऱ्या आणला, तूस कसल्याशा चिकट द्रवात मळलं, सोऱ्यातून काढलं, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि आमच्या गच्चीवर वाळत घातले. आठवडाभर गल्लीतली माकडं ते खाऊन बघायची आणि आमच्याकडे रागाने पाहायची.

"तो चिकट पदार्थ कुठला?" मी विचारलं.

"ते गुपित आहे. गिरणीवाल्यांच्या कानावर गेलं तर उद्या सगळे करतील."

त्याच सुमाराला काकाने पोटाच्या तक्रारीसाठी रोज आमच्या घरून भाताची पेज न्यायला सुरुवात केली होती. भलं मोठं पातेलं घेऊन यायचा. एवढी पेज पिऊन माणूस हडकुळाच कसा, याचं आईला नवल वाटायचं.

आता चुलीबद्दल. तिच्या डोक्यावर तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा, खाली निमुळता केलेला. त्यात गोळ्या भरायच्या. डब्याखाली आडवी नळी, नळीत मळसूत्र. मळसूत्र फिरलं की गोळ्या एकेक करून पुढे सरकायच्या आणि आगीत पडायच्या. फिरवायचं कोणी? इथे आमचा टेबलफॅन हुतात्मा झाला. पंखा मान डावी-उजवी करतो ना, त्या मानेला काकाने एक सळई जोडली. मान एकदा वळली की सळई एका दातेरी चाकाला एक दात पुढे ढकलायची आणि मळसूत्र तेवढंच फिरायचं. पंख्याच्या तोंडाला कॅनव्हासची लांब सोंड शिवली होती; तिच्यातून वारा आगीला जायचा. सोंड मानेबरोबर हलायची. स्वयंपाकघरात हत्ती बांधल्यासारखं दिसायचं. शिवाय बिचारी मान सतत डावी-उजवी, डावी-उजवी. चुलीला काहीही विचारा, तिचं उत्तर नाहीच.

आणि तरी, सांगायला हवं, ती पेटली! पहिल्या दुपारी निळसर ज्योत आली, धुराचं नाव नाही. आईने शेजारी उभं राहून लांब श्वास घेतला, मग आणखी एक घेतला. आम्ही सगळे तिच्या श्वासांकडे बघत होतो. काका डोळे पुसत होता. अप्पा म्हणाले, "बरं आहे." एवढी स्तुती त्यांनी आयुष्यात फक्त एका धरणाची केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल अडकली.

कुंभकोणमात घराला आग लागली तर लोक आधी कॉफी पिऊन मग बादली उचलतील. अशा गावात सकाळी सहा वाजता दूध तापत नाही म्हणजे काय ते समजून घ्या. पंख्याची मान एका बाजूला वाकडी होऊन थरथरत होती, घूं घूं करत होती, आणि मळसूत्र जागचं हलत नव्हतं. अप्पा कॉफीची रिकामी वाटी, आमचा डबरा, घेऊन दारात उभे. त्यांनी चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिरुच्ची एकदम लांब गेली.

काकाला बोलावलं. त्याने बनियनवरच येऊन सगळं खोललं, नळीतून काळपट लगदा खरवडून काढला, डबा रिकामा करून पुसला, पोत्यातल्या ताज्या गोळ्या भरल्या आणि जाहीर केलं, "गोळ्या जाड आहेत. मळसूत्राला घास मोठा होतो." सोऱ्याची ताटली बदलली, बारीक गोळ्या आल्या. चूल दुपारी छान चालली, संध्याकाळी छान चालली.

सकाळी अडकली.

पुन्हा काका, पुन्हा खरवडणं, पुन्हा पुसणं, पुन्हा ताज्या गोळ्या. या वेळी निदान वेगळं निघालं. "डब्यात कमान धरते," तो म्हणाला. गोळ्या एकमेकींना धरून बसतात, वर भरलेलं आणि खाली पोकळ. "जत्रेत माणसं दारात अडकतात ना, तसं." उपाय म्हणजे डब्याला ठोका. त्याने एक हातोडी पंख्याच्या मानेलाच बांधली. पण नुसत्या पत्र्यावर ठोका पडला की कर्कश वाटायचं, म्हणून मध्ये एक पितळी घंटा लटकवली. आता मान वळली की घंटा वाजायची. ठण्‌... ठण्‌... ठण्‌. समोरच्या घरातली मामी पहिल्या दिवशी ताटलीत कापूर घेऊन आली. "कसली पूजा?" तिने तमिळमध्ये विचारलं. "सांबार," आईने सांगितलं.

दुपारी चालली. सकाळी घंटा वाजायची थांबली, आणि आम्हाला अंथरुणातच कळलं की कॉफी नाही. एवढाच त्या सुधारणेचा फायदा.

मग दोष मळसूत्रावर आला. लोखंडी आहे, खरबरीत आहे, गोळ्या धरून ठेवतं. काकाचा एक मित्र स्वामीमलैला मूर्ती ओतायचा. काका मला घेऊन बसने तिथे गेला. अंगणात मेणाचे नटराज उन्हापासून झाकून ठेवलेले. काकाने आपलं लोखंडी मळसूत्र त्यांच्या शेजारी ठेवलं.

मित्राने ते हातात घेऊन फिरवलं. "कुठल्या देवाचं काय आहे हे?"

"देवाचं नाही. चुलीचं आतडं आहे."

"पंचधातूत पाहिजे?"

"पंचधातूतच. घरात मुलगी आहे, तिचं भविष्य यात आहे."

तो मित्र माझ्याकडे बघून हसला नाही, हे त्याचे उपकार. मळसूत्र मात्र असं सुंदर झालं की काय सांगू! गुळगुळीत, सोनेरी, आणि सवयीने त्याने टोकाला कमळाच्या पाकळ्याही काढलेल्या. घरी आणल्यावर आत्याने त्याला हळदकुंकू वाहिलं. पुढे कितीतरी वर्षांनी, चूल मोडल्यावर, पुण्याच्या एका पाहुण्याने ते कोनाड्यात पाहिलं, डोळे मिटून नमस्कार केला आणि विचारलं, "हे राजवाड्यातलं का?" आईने होय म्हणून टाकलं. खोटं काय त्यात, आमच्या कॉफीवर त्याने काही दिवस राज्य केलंच होतं.

पंचधातूचं मळसूत्र दुसऱ्या सकाळी अडकलं. अप्पांच्या भाषेत सांगायचं तर 'कायम स्वरूपाची तात्पुरती व्यवस्था' म्हणून मी तोवर रोज सकाळी चुलीसमोर बसून एका लांब सळईने नळी टोचत होते. धूर डोळ्यांत, राख केसांत. कॉलेज उघडायला फार दिवस राहिले नव्हते. अप्पा कॉफी घेता घेता सहज म्हणाले, "इथल्या सरकारी कॉलेजातही रसायनशास्त्र असतंच की. पाणी तिथेही एच-टू-ओच." त्यांनी विनोद केला की समजावं निर्णय होत आला.

त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या गोळ्यांवर पाय आपटले. माकडांना तेवढंच समाधान.

आता आत्याबद्दल थोडं. आत्याचं सोवळं गल्लीत प्रसिद्ध होतं. उजाडायच्या आधी विहिरीवर आंघोळ, ओलं नेसूनच स्वयंपाकघरात, आणि तिच्याआधी तिथे कोणी पाऊल टाकायचं नाही. बाहेरून जे जे घरात येईल त्यावर ती पंचपात्रीतलं पाणी शिंपडायची. रेशनची साखर, तिरुभुवनम्‌च्या सोसायटीतून आणलेली साडी, पोस्टमनने दिलेली पत्रं. माझं कॉलेजचं पत्र असंच शुद्ध झालं होतं. त्यातली शाई पसरून मी रसायनशास्त्राला आहे की प्राणिशास्त्राला हे कळायला तिरुच्चीला जाऊन विचारावं लागलं. आणि सगळ्या ओवळ्यांच्या वरचं एक होतं, पत्तु. शिजलेल्या भाताचं शीतसुद्धा ज्याला लागलं ते पत्तु. महाराष्ट्रात खरकटं म्हणतात, पण खरकटं धुतलं की जातं. पत्तु आत्याच्या मनात राहायचं. भाताच्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवलं तर बरणीची आख्खी पुढची पिढी बाटायची.

तर त्याच आठवड्यात आत्या तंजावरला एका बारशाला गेली. ती जाण्यापूर्वी काकाने नवा उपाय केला होता, डब्यावर लिंबू-मिरची बांधली होती. "विज्ञानाला जे जमत नाही तिथे नजर असते," तो म्हणाला. आणि काय सांगू, आत्या गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी चूल चालली! पुढच्या सकाळीही चालली. ठण्‌, ठण्‌, ठण्‌. अप्पांना अंथरुणात कॉफी. आई खिडकीशी उभी राहून भाजी चिरत होती आणि गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. काकाने गल्लीत म्हैसूरपाक वाटला. मी पेटी काढून पुसली.

आत्या परत आली. दुसऱ्या सकाळी घंटा वाजली नाही.

"लिंबू सुकलं," काका म्हणाला.

"आक्काला घाबरते," अप्पा म्हणाले. "मी पण घाबरतो. त्यात चुलीचं काय चुकलं?"

हे त्यांनी थट्टेत म्हटलं, पण माझ्या डोक्यात ते अडकून बसलं. काका लिंबू बदलायला बाजारात गेला तेव्हा मी पहिल्यांदा, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, नळीत न बघता डब्याच्या वरच्या तोंडातून हात घातला. वरच्या गोळ्या फुगलेल्या. खाली खाली जावं तसा उपमा. मग कोठीत जाऊन पोत्यात हात घातला. खडखडीत कोरड्या, दोन बोटांत मोडल्या की टक्‌ आवाज. आणि काका दर वेळी दुरुस्तीनंतर काय करायचा? डबा पुसून या पोत्यातल्या कोरड्या गोळ्या भरायचा! म्हणजे त्याची जाडी, त्याची कमान, त्याचा पंचधातू, सगळं दर दुपारी यशस्वी होत होतं ते नुसतं पोतं कोरडं म्हणून.

काका आल्यावर मी म्हटलं, "काका, डब्यातल्या गोळ्या ओल्या आहेत."

"कावेरीची हवा," तो म्हणाला आणि लिंबाला दोरा ओवायला लागला.

हवा डब्यात शिरते आणि शेजारच्या पोत्यात शिरत नाही, एवढी शिस्त हवेला कोणी लावली? मी वाद घातला नाही. सकाळी आत्या विहिरीवरून आली तेव्हा मी कोठीच्या दाराआड उभी होते.

ओलं लुगडं निथळत ती आली. देवापुढे निरांजन लावलं. मग पंचपात्री घेऊन चुलीपाशी गेली, लिंबू-मिरची नाजूकपणे बाजूला केली, डब्याचं झाकण उचललं आणि ओठातल्या ओठात काही म्हणत पळीने पाणी घालायला लागली. शिंपडत नव्हती. घालत होती. एक पळी, दुसरी पळी, तिसरी, चारी कोपऱ्यांत, जशी तुळस असावी. मग मागे सरून बघितलं, समाधान झालं नाही, पंचपात्रीच उपडी केली.

"आत्या!"

तिने दचकून छातीवर हात ठेवला. "अय्यो! कां गे भुतासारखी? शिवू नकोस!"

"काय करताय हे?"

"काय करणार? शुद्ध करतेय."

"गोळ्या?"

"मग काय तुझ्या काकाला? त्याला गंगेत बुडवला तरी उपयोग नाही." तिने आवाज खाली आणला. "पेज घालतो तो त्यात. भाताची पेज. पोट दुखतंय म्हणून पातेलं भरून नेतो आणि तुसात ओततो. मला पहिल्याच दिवशी वासावरून कळलं. अस्कं पत्तु, सगळंच. ती आग पत्तु, त्यावरचं दूध पत्तु, त्या दुधाचा नैवेद्य. काय करू मी?"

"मग सांगायचं नाही का? चूल बाहेर काढा म्हणून?"

आत्याने पंचपात्री खाली ठेवली. ओल्या पदराचं पाणी टपटप फरशीवर पडत होतं.

"सांगते," ती म्हणाली. "आत्ता जाऊन सांगते. तुझा अप्पा चूल उचलून रस्त्यावर ठेवेल. मग जुन्या चुलीपुढे कोण बसेल? वैनी? तिचा श्वास तू ऐकतेस ना? की मी, या गुडघ्यांवर?" तिने पदर पिळला. "मी जन्मभर बसले आहे या घरात. एक बसली, पुरे झालं. म्हटलं, रोज थोडं पाणी घातलं तर देवही राहील आणि पोरगीही जाईल."

मला हसू यायला लागलं. अगदी वाईट, पोटातून येणारं हसू, जे अशा वेळी येऊ नये.

"हसतेस काय?"

"आत्या, तुमच्या पाण्यानेच चूल अडकते."

तिने डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत डब्यात पाहिलं. आत गोळ्या मऊ होऊन एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. आत्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. आपलं सोवळं चुकलं हे तिला दिसत होतं. मग ती खुदकन हसली आणि पदर तोंडाशी नेला.

"तुझ्या काकाला कळता कामा नये," ती म्हणाली. "नाहीतर वर्षभर मला यंत्रशास्त्र शिकवेल."

"पण पाणी घालू नका."

"आणि नैवेद्य?"

इथे प्रश्न विज्ञानाचा राहिला नव्हता, शास्त्राचा झाला होता. पेज काढायला हवी, पण तुसाला धरून ठेवणारं काहीतरी हवंच. आणि ते असं हवं की आत्याला त्यावर पाणी घालावंसंच वाटू नये. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "शेण?"

आत्याचा चेहरा उजळला. "शेण तर घर शुद्ध करायला लावतात! त्याला आणखी शुद्ध कशाने करणार? त्यावर पाणी घालणं म्हणजे शेणाचाच अपमान."

आता हे काकाच्या गळी उतरवायचं होतं, आणि त्याच्या गळी दुसऱ्याची कल्पना कधी उतरत नसे. म्हणून मी त्याला उलटं विचारलं, "काका, शेण घातलं तर गोळ्या बिघडतीलच ना?"

"बिघडतील? कोण म्हणतं?"

"मला वाटलं. गिरणीत कुणी घालत नाही."

"गिरणीवाल्यांना काय कळतं!" तो तणतणत गेला. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत हिरवे करून आला आणि ओसरीवर उभा राहून त्याने घोषणा केली की विचारांती त्याने एक क्रांतिकारी बदल केला आहे. पोटाची तक्रारही त्याच दिवशी बरी झाली.

"शेण आहे?" आत्याने आतून विचारलं. "मग माझी हरकत नाही."

"आक्का, तुझी हरकत कधी होती?" अप्पा चकित.

"नव्हतीच," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तांदूळ निवडत राहिली.

नव्या गोळ्या वाळल्या आणि अप्पा परीक्षेला बसले. म्हणजे चुलीची परीक्षा, पण बसले ते. लागोपाठ कितीतरी सकाळी पाट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, हातात घड्याळ, कोणी चुलीजवळ जात नाही ना यावर पहारा. मळसूत्र फिरत होतं, सोंड डुलत होती, घंटा वाजत होती. मान डावी-उजवी, नाही, नाही, नाही. शेवटी एका सकाळी आईने त्यांच्या हातात कॉफी दिली, त्यांनी ती वरून धार धरून ओतली, फेस आणला, एक घोट घेतला आणि चुलीला विचारलं, "काय गे, पाठवू नको तिला?"

चुलीने मान हलवली, नाही.

"ती नाही म्हणते," मी म्हटलं. "पाठवू नको याला नाही."

अप्पांनी कॉफीचा आणखी एक घोट घेतला. फायलीवर शेरा मारण्यापूर्वीही ते असाच घ्यायचे. "मंजूर," ते म्हणाले.

त्या चुलीने नंतर आमची बरीच वर्षं काढली. नव्वदीनंतर कधीतरी गॅसचा नंबर लागला, तेव्हा आत्याने सिलिंडरवर मनसोक्त पाणी घातलं आणि त्याला काही झालं नाही. पंखा माणसांकडे परत आला, पण त्याची मान सवयीने एकाच बाजूला जोर लावायची.

मी निघाले त्या सकाळी काका पेटी उचलायला आला होता, आणि पेटीला चाकं लावली तर कसं, असं त्याच्या मनात घोळत होतं. आईने भरपूर श्वास घेऊन मला सूचना दिल्या. आत्याने स्वतः, सोवळ्यात, त्या चुलीवर चकल्या तळल्या होत्या. मोठा डबा भरून पेटीत ठेवला होता. मी पाया पडून उठले तेव्हा ती पंचपात्री घेऊन पेटीजवळ उभी होती.

"आत्या, आत पुस्तकं आहेत."

"पुस्तकांना नाही लावत. पण त्या हॉस्टेलात कोण कोण शिवेल, माहीत आहे का?" तिने चकलीच्या डब्याचं झाकण उघडलं, ओठातल्या ओठात काही म्हटलं आणि पळी, पळी, पळी. मग उरलेलं माझ्या डोक्यावर.

मी अडवलं नाही. तिरुच्चीला पोचून डबा उघडला तर चकल्या हातात घेतल्या की मान टाकत होत्या. खोलीतल्या मदुरैच्या मुलीने एक उचलली, वाकवून पाहिली, ती मोडली नाही.

"तुमच्याकडे मुरुक्कू असाच असतो?" तिने विचारलं.

"होय," मी म्हटलं. "हा फार शुद्ध आहे."